धुळे परिसरातील खानावळी व उपाहारगृहे

धुळे शहर आणि त्याच्या उत्तरेस मुंबई–आग्रा महामार्गावर सोनगीर, नरडाणा व शिरपूर या टप्प्यांत पसरलेली खानावळी, ढाबे, फराळाची दुकाने आणि भरीत केंद्रे यांची मिळून खानदेशातील बाहेरच्या जेवणाची एक सलग पट्टी तयार झाली आहे. शेवभाजी, पातोडीचा रस्सा, कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि वरण-बट्टी ही तिची मुख्य ओळख होय. या पट्टीतील जेवण घरगुती खानदेशी स्वयंपाकातून निघालेले असले, तरी ते घरच्या जेवणाचे प्रतिबिंब नव्हे. महामार्ग, रेल्वे, कापसाच्या गिरण्या, महाविद्यालये आणि अलीकडची औद्योगिक वसाहत यांनी त्याला आजचा आकार दिला. हॉटेलांची नावे व दर वरचेवर बदलत असल्याने या लेखात पदार्थ, वस्ती आणि हंगाम यांनाच महत्त्व दिले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

धुळे हे पांझरा नदीच्या काठी वसलेले जिल्ह्याचे ठिकाण. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन जुने राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांस छेदतात. क्रमांकांच्या नव्या रचनेनुसार राष्ट्रीय महामार्ग ५२, ५३ व ६० येथे एकत्र येतात. पुण्या-नाशिकहून इंदूरकडे जाणारा आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा असा दोन्ही दिशांचा मालवाहू वर्ग याच शहराजवळ विश्रांती घेतो. शहरातील बाजाराचा मुख्य रस्ता आजही ‘आग्रा रोड’ या नावानेच ओळखला जातो.

नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातील गाव धुळ्याच्या उत्तरेस, शिरपूरच्या अलीकडे आहे. सुरत–भुसावळ लोहमार्ग आणि मुंबई–आग्रा रस्ता येथे जवळ येतात. रस्ता उत्तर-दक्षिण जातो, लोहमार्ग पूर्व-पश्चिम. गावापासून उत्तरेस काही अंतरावर तापी ओलांडली की शिरपूर लागते आणि त्यापुढे पळासनेरजवळ मध्य प्रदेशाची हद्द सुरू होते. परिसरातील पिके म्हणजे कापूस, ज्वारी, बाजरी, तूर, भुईमूग आणि मिरची. दोंडाईचा व नंदुरबार या मिरचीच्या मोठ्या बाजारपेठा पश्चिमेस आहेत. हंगामात तेथे लाल मिरची उघड्या माळावर वाळत घातली जाते व त्या जागांना ‘पथारी’ म्हणतात. येथील रश्श्याचा तिखटपणा आणि रंग कोठून येतो, हे या पथाऱ्या पाहिल्यावर निराळे सांगावे लागत नाही.

इतिहास

खानदेशातून जाणारे व्यापारी मार्ग बरेच जुने आहेत. फारुकी सुलतानांच्या काळात तापीकाठचे थाळनेर हे सत्तेचे ठाणे होते व पुढे ते बुऱ्हाणपूरला गेले. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारे काफिले नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेने जात. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी व जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने नवापूरच्या सुवासिक तांदळाचे कौतुक केले आहे. मात्र त्या काळच्या प्रवाशाने ‘बाहेर जेवणे’ याचा अर्थ आजच्याहून वेगळा होता. सराईत किंवा धर्मशाळेत निवारा व पाणी मिळे. शिधा गावातील वाण्याकडून घेऊन ज्याने त्याने, आपापल्या जातीच्या आचाराप्रमाणे, तीन दगडांची चूल मांडायची अशी रीत होती. शिजवलेले अन्न विकत घेणे ही गोष्ट प्रतिष्ठित समजली जात नसे.

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले व जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. आजही या पेठेतील गल्ल्या नावांऐवजी क्रमांकांनी ओळखल्या जातात, आणि पत्ता विचारणाऱ्या पाहुण्याला ‘गल्ली नंबर चार’ असे उत्तर मिळते. कचेऱ्या आल्या तसे कारकून, वकील आणि पक्षकार आले. कोर्टाच्या तारखेसाठी खेड्यातून येणाऱ्या शेतकऱ्याला दुपारचे जेवण कोठे तरी लागे. शिदोरी हा त्यावरचा पहिला उपाय आणि खानावळ हा दुसरा. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव व पश्चिम खानदेशचे धुळे झाले, तेव्हा हा वर्ग आणखी वाढला.

१९०० च्या सुमारास दोन लोहमार्ग सुरू झाले. चाळीसगावहून धुळ्यापर्यंत एक शाखा आली आणि ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत ते अमळनेर-जळगाव हा पट्टा जोडला. नरडाणा, बेटावद, शिंदखेडा, दोंडाईचा ही स्थानके याच दुसऱ्या मार्गावरची. अमळनेर व धुळे येथे कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि पाळीवर काम करणाऱ्या, कुटुंब गावी ठेवून आलेल्या मजुरांसाठी मासिक खानावळी निघाल्या. १९४५ मध्ये अमळनेर येथे वनस्पती तूप तयार करणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. तीच पुढे विप्रो या नावाने संगणक क्षेत्रात प्रसिद्धीस आली. माहिती तंत्रज्ञानातील एका मोठ्या कंपनीचे मूळ तळणीच्या कढईत आहे, हे खानदेशाबाहेर फारसे कोणाच्या लक्षात नसते.

खानावळी आणि जातिव्यवस्था

सुरुवातीच्या खानावळी बहुधा जातवार होत्या. खानावळ चालवणारी व्यक्ती कोणत्या जातीची, यावर तेथे कोण जेवणार हे ठरे. महाराष्ट्राच्या इतर भागांप्रमाणे येथेही अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना खानावळीत प्रवेश नसे आणि चहाच्या दुकानात त्यांच्यासाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे. ती ज्याची त्याने धुवून ठेवायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले असता लळिंग किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात राहिले होते. त्या वास्तव्याच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला तेथे मोठ्या संख्येने अनुयायी जमतात. अमळनेर ही कर्मभूमी असलेल्या साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून उपोषण केले.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांत प्रवेशाबाबत धर्म, जात, लिंग आदी कारणांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे पालन दंडनीय ठरले. बाहेर जेवण्याच्या इतिहासात ही कलमे पाककृतींइतकीच महत्त्वाची आहेत. एकाच बाकावर बसून एकाच पातेल्यातील रस्सा घेणे ही आज किरकोळ वाटणारी गोष्ट त्यांच्यामुळे हक्काची झाली. महामार्गावरच्या ढाब्याने यात आपला वाटा उचलला. येणारा वाहनचालक कोठला, कोण, हे विचारण्यास तेथे ना सवड होती ना लाभ.

मासिक खानावळ

‘मेस’ हा शब्द रूढ झाला असला, तरी धुळ्यात जुन्या माणसांच्या तोंडी खानावळ हाच शब्द आहे. श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कृषी महाविद्यालय व इतर महाविद्यालये यांचे विद्यार्थी, राज्य राखीव पोलीस दलाचे जवान, बदलीवर आलेले शिक्षक व बँक कर्मचारी हा तिचा आधार. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचे जेवण, गावी गेल्यास खाडे वजा, रविवारी सकाळी गोडाची ‘फीस्ट’ आणि रविवारी संध्याकाळी सुटी असा तिचा सर्वसाधारण नियम असतो. जेवणात पोळी, एक पालेभाजी किंवा फळभाजी, एक उसळ, वरण-भात आणि लोणचे किंवा ठेचा. आठवड्यातून एकदा शेवभाजी करावीच लागते, अन्यथा मेंबर कुरकुर करतात.

यातील अनेक खानावळी स्त्रियांनी सुरू केल्या. नवरा गेलेल्या, गिरणी बंद पडून घर उघड्यावर आलेल्या, किंवा मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून शहरात आलेल्या बाईजवळ भांडवल नसे, हातात स्वयंपाक असे. घरच्याच चुलीवर चार डबे करण्यापासून प्रारंभ होई. अशा खानावळींना पाटी नसे आणि सरकारदरबारी नोंदही क्वचितच असे, त्यामुळे त्यांचा लेखी इतिहास जवळजवळ उपलब्ध नाही. शहरातील अनेक डॉक्टर, वकील आणि शिक्षक या पाटी नसलेल्या घरांत जेवून शिकले आहेत.

शेवभाजी आणि रश्श्याचे अर्थकारण

परिसरातील कोणत्याही जेवणगृहात शेवभाजी मिळते आणि बाहेरच्या प्रवाशाला खानदेशी जेवण म्हणून प्रथम तीच आठवते. सुके खोबरे विस्तवावर काळसर भाजून, कांदे निखाऱ्यात किंवा तव्यावर भाजून, लसूण, आले, कोथिंबीर आणि धणे, दगडफूल, लवंग, दालचिनी, मिरी इत्यादींचा काळा मसाला यांसह ते बारीक वाटतात. हे वाटण भरपूर तेलात तेल सुटेपर्यंत परतून गरम पाणी घातले की रस्सा तयार होतो. त्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाच्या थराला तर्री म्हणतात. शेव जाड व तिखट लागते. तुरीच्या काडीसारखी दिसणारी म्हणून तिला ‘तुरखाटी शेव’ असेही नाव आहे. शेव ताटात वाढण्याच्या वेळीच रश्श्यात सोडायची असते. आधी सोडल्यास ती विरघळून पिठले होते. चांगल्या ठिकाणी शेव व रस्सा वेगवेगळ्या वाट्यांत देतात आणि मिसळणे जेवणाऱ्यावर सोपवतात.

घरात ही भाजी वाढदिवसाला किंवा सणाला होत नाही. ती भाजीपाला नसलेल्या दिवसाची सोय आहे. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो, विहिरी आटतात आणि बाजारात हिरव्या भाज्या महाग व कोमेजलेल्या असतात. अशा वेळी डब्यातील शेव उपयोगी पडे. हॉटेलवाल्याने ती उचलली याचे कारणही तेच. शेव आठवडेच्या आठवडे टिकते. तिला निवडणे, चिरणे, शिजवणे लागत नाही. शिवाय सकाळी मोठ्या पातेल्यात एकदा रस्सा करून ठेवला की त्यात शेव घातल्यास शेवभाजी, बेसनाच्या वड्या घातल्यास पातोडीची भाजी, उकडलेली अंडी घातल्यास अंडाकरी होते. गिऱ्हाईक बसल्यापासून पाच मिनिटांत ताट पुढे येते आणि वाहनचालकाचा वेळ वाचतो. घरातील नडीचा पदार्थ अशा रीतीने प्रदेशाचा मानाचा पदार्थ झाला.

पातोडी करताना शिजवलेले बेसन ताटात थापून वड्या पाडतात. डुबुकवडे याहून सोपे. बेसनाचे घट्ट पीठ उकळत्या रश्श्यात थेट सोडायचे, की ते बुडून पुन्हा वर येतात, नावही त्यावरूनच. हॉटेलांत पातोडी सर्रास मिळते, डुबुकवडे क्वचित, कारण ते आयत्या वेळी करावे लागतात व उरले तर फुगून लगदा होतात.

कळण्याची भाकरी

ज्वारीत अख्खे उडीद व मीठ घालून एकत्र दळलेल्या पिठाला कळणा म्हणतात. त्याची भाकरी किंचित काळपट, खरपूस आणि पोटभर असते. तिच्यासोबत हिरव्या मिरचीचा शेंगदाणे-लसूण घातलेला ठेचा, उडदाची आमटी किंवा भरीत देतात. कळण्याच्या पुऱ्याही होतात व त्या भरिताच्या जोडीला ठरलेल्या आहेत.

महामार्गावरील बहुतेक ढाब्यांच्या पाटीवर ‘चुलीवरची भाकरी’ असे लिहिलेले असते. ती भाजण्यासाठी जवळच्या गावातील बायका रोजंदारीवर येतात आणि दुपार व रात्र अशा दोन वेळा धुरासमोर बसतात. ढाब्याची कीर्ती पुष्कळदा त्यांच्या हातावर अवलंबून असते, कारण मशीनवर पोळी होते पण थापलेली भाकरी अद्याप नीट होत नाही. पाटीवर चुलीचा उल्लेख येतो, तिच्यापुढे बसणारीचा नाही.

भरीत

वांग्याचे भरीत हा खऱ्या अर्थाने जळगाव जिल्ह्याचा पदार्थ. यावल तालुक्यातील बामणोद व जळगावजवळील आसोदा येथील मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची वांगी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. ‘जळगाव भरीत वांगी’ यांना २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला व त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही तो मिळाला. धुळे-नरडाणा भागात ही वांगी हिवाळ्यात पूर्वेकडून येतात.

भरिताचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणाऱ्या या काड्यांचा जाळ झटकन पेटतो, मोठा होतो आणि लवकर विझतो. त्यामुळे साल करपते, गर मऊ होतो आणि धुराचा वास आत मुरतो. भाजलेली वांगी सोलून ‘बडगी’ नावाच्या लाकडी पात्रात हिरव्या मिरच्या व लसणासह कांडतात. नंतर तेलात कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप यांची फोडणी देतात. टोमॅटो किंवा गरम मसाला घातलेले भरीत खानदेशात भरीत मानले जात नाही. गॅसवर भाजलेले वांगे हा त्याहून मोठा अपराध. जळगाव शहरात ‘भरीत सेंटर’ नावाची दुकाने किलोच्या मापाने भरीत विकतात, आणि पुणे-मुंबईस जाणारे प्रवासी डबे भरून नेतात. शेतावरील भरीत पार्टी हा हिवाळ्यातला सामाजिक प्रसंगच होय. नोकरीनिमित्त बाहेर गेलेली मंडळी सुटी काढून तेवढ्यासाठी गावी येतात.

वरण-बट्टी

जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, हळद, मोहन घालून वळलेले गोळे वाफवून किंवा भाजून, मग कापून तुपा-तेलात तळले की बट्टी होते. ती चुरून त्यावर तुरीचे पातळ वरण व तूप घ्यायचे आणि सोबत वांग्याची घोटलेली भाजी. माळवा व राजस्थानातील बाटीशी तिचे नाते उघड आहे. आग्रा रस्त्याने हा पदार्थ दोन्ही दिशांना फिरला असणे सहज शक्य आहे, मात्र आधी कोठे हा वाद न मिटणारा आहे. नवस फेडणे, भंडारा, साखरपुडा या प्रसंगी शेकडो माणसांचा स्वयंपाक करायचा झाल्यास बट्टी सोयीची पडते, कारण पोळ्या लाटण्यास लागणारे हात वाचतात. हॉटेलांत ती रोज नसते. बहुधा आठवड्यातील ठरावीक वारी असते व तसा फलक लागतो. तुरीबाबत सांगायचे तर नवापूरच्या तूरडाळीलाही भौगोलिक निर्देशांक आहे, आणि जुन्या धाटणीचे आचारी वरणासाठी तिचाच आग्रह धरतात.

शहरातील इतर खानपान

धुळ्यातील आग्रा रोड, पाच कंदील परिसर आणि बसस्थानकाचा भाग येथे फराळाची दुकाने एकवटली आहेत. सकाळी पोहे, भजी, मिसळ. संध्याकाळी कचोरी, समोसा आणि फरसाण. गुजरात व राजस्थानातून आलेल्या व्यापारी कुटुंबांचा फरसाणाच्या धंद्यावर ठसा आहे. फाळणीनंतर खानदेशातील शहरांत वसलेल्या सिंधी कुटुंबांनी दाल-पकवान आणले. यंत्रमागावर काम करणाऱ्या मुस्लिम वस्तीत बिर्याणी व कबाब मिळतात आणि रमजान महिन्यात तेथील गल्ल्या रात्री उशिरापर्यंत जाग्या असतात. काळ्या मसाल्याचे मटण व बाजरीची भाकरी हे मांसाहारी खानावळींचे ठरलेले ताट. उन्हाळ्यात रसवंतीगृहे, मठ्ठा आणि तापीच्या वाळवंटात पिकणारी टरबुजे व डांगरे यांची रेलचेल असते.

शासनाने १९९५ मध्ये सुरू केलेली एक रुपयात झुणका-भाकर ही योजना इतर जिल्ह्यांप्रमाणे येथेही आली आणि काही वर्षांत मावळली. २६ जानेवारी २०२० रोजी राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. तीत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण व एक मूद भात दहा रुपयांत देण्यात येई व साथीच्या काळात हा दर पाच रुपये करण्यात आला. रुग्णालय, बसस्थानक आणि बाजार समितीच्या आवारात येणाऱ्या गरीब माणसाला उपाहारगृहाची निवड नसते, त्याला दर पाहावा लागतो. म्हणून अशा योजनांचा उल्लेख या विषयात गौण समजता येत नाही.

नरडाणा आणि महामार्ग

नरडाण्याचे जुने खानपान दोन ठिकाणी होते. एक स्थानकाबाहेर आणि दुसरे रस्त्यावरच्या फाट्यावर. सुरत–भुसावळ पॅसेंजरच्या वेळेवर स्थानकाबाहेरच्या भजी व चहाच्या दुकानांचे दिवसाचे गणित ठरे. या गाडीने सुरतेकडे कामास जाणारे आणि सणाला परत येणारे खानदेशी लोक पिढ्यानपिढ्या प्रवास करीत आले आहेत. सुरतेतील उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत त्यांची मोठी वस्ती असून तेथेही शेवभाजीच्या खानावळी आहेत. एका अर्थी या लोहमार्गाने रोजगार पश्चिमेस आणि रस्सा त्याच्या मागोमाग नेला.

फाट्यावरील ढाबे ट्रकचालकांचे. बाज, हौदातले गार पाणी, डाळ-फ्राय, तंदुरी रोटी आणि शेवभाजी. पंजाबी व खानदेशी स्वयंपाकाची सरमिसळ येथे झाली. शेवभाजीसोबत रोटी आणि दालतडक्यासोबत भाकरी मागणारे दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक असते. धुळ्यात महामार्गालगत गुरुद्वारा असून तेथील लंगरात वाटसरूंना जेवण मिळते, हेही या मार्गावरील चालकांना ठाऊक असते.

महामार्ग चौपदरी झाल्यावर परिस्थिती पालटली. मध्ये दुभाजक आला, त्यामुळे पलीकडच्या बाजूचे वाहन अलीकडच्या ढाब्यावर वळू शकेना. उड्डाणपूल व वळणरस्ते यांमुळे गावातील छोटी हॉटेले वाहतुकीपासून तुटली. सोनगीर व शिरपूर येथे टोलनाके झाले आणि मोठे वाहनतळ, स्वच्छतागृहे व वातानुकूलित दालने असलेली नवी हॉटेले उभी राहिली. कुटुंबासह प्रवास करणाऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, त्यामुळे मोठी सोय झाली, कारण जुन्या ढाब्यावर त्यांच्यासाठी स्वच्छतागृह जवळपास नसेच. दुसऱ्या बाजूला रस्त्यालगत चार बाकांचे हॉटेल चालवून घर चालवणाऱ्या अनेकांचा धंदा बसला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीमुळे मात्र गावाला नवे गिऱ्हाईक मिळाले. परप्रांतातून आलेल्या कामगारांसाठी भात, डाळ व बटाट्याची भाजी देणाऱ्या खानावळी निघाल्या व त्यांच्या ताटात तर्री बेताचीच असते.

मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत महामार्गावरील सर्व ढाबे बंद झाले. एप्रिल-मे महिन्यांत मुंबई, ठाणे व नाशिककडून हजारो मजूर कुटुंबांसह पायी, सायकलवर, रिक्षातून वा ट्रकवर याच रस्त्याने उत्तरेकडे निघाले आणि राज्याच्या हद्दीवर बिजासन-सेंधवा भागात मोठी गर्दी जमली. पारा चाळिशीच्या वर होता. मार्गावरील गावांतून तरुण मंडळे, शेतकरी कुटुंबे, धार्मिक संस्था यांनी पाणी, खिचडी, पोळी-भाजी, केळी व टरबुजे दिली. विकत मिळणारे अन्न रस्त्यावरून पूर्णपणे नाहीसे झाले असता घराघरांतील चुलींवर रस्ता चालला, असा तो काळ होता.

बाहेर न मिळणारे पदार्थ

खानदेशातील स्वयंपाकाचा मोठा भाग उपाहारगृहात येतच नाही. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, आमरसाबरोबर होणारे मांडे हे त्यांतले प्रमुख. सैल मळलेल्या कणकेत पुरण भरून ती पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि उपड्या घातलेल्या तापल्या खापरावर टाकायची, ही कला शिकण्यास वर्षे लागतात. मांडे करणाऱ्या बायका आता गावात मोजक्या उरल्या आहेत. आखाजीच्या दिवसांत त्यांना मागणी इतकी असते की आगाऊ सांगून ठेवावे लागते. धुळे व जळगाव येथे काही बचतगट मांडे विकू लागले आहेत आणि ही कला टिकण्याचा सध्या तरी तोच एक मार्ग दिसतो.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी येणाऱ्या कानबाईच्या रोटांची गोष्ट निराळी. घरातील पुरुषमंडळींच्या संख्येवर गहू मोजून घेतात आणि त्यांच्या पोळ्या भाऊबंदांनीच खायच्या असतात. दूरदूरची भावंडे त्यासाठी गावी जमतात. हे अन्न विकण्याची कल्पनाच त्या रीतीच्या विरुद्ध आहे. बिबड्या, नागलीचे पापड, कुरडया हे उन्हाळी वाळवण मात्र दुकानांत पोहोचले आहे. फुनके व कढी, मठाची भाजी, ताज्या डुबुकवड्या यांसाठी अजूनही कोणाचे तरी पाहुणे व्हावे लागते.

प्रवाशांसाठी

ढाबे बहुधा सकाळी अकरापासून मध्यरात्रीपर्यंत चालू असतात, तर शहरातील खानावळी दुपारी दोन-अडीचनंतर आवरतात. श्रावणात व नवरात्रात मांसाहारी खानावळींपैकी काही बंद असतात. भरीत मार्चनंतर मागू नये. मिळालेच तर ते दुसऱ्या जातीच्या वांग्याचे असते. तिखट न सोसणाऱ्याने रस्सा ‘तर्री कमी’ असे सांगून घ्यावा व जवळ ताक ठेवावे. भाकरी गरम व मोजून वाढली जाते, रस्सा मात्र बहुतेक ठिकाणी पुन्हा मागितल्यास वेगळे पैसे घेत नाहीत. सोनगीरला थांबणाऱ्यांना जेवणाबरोबर तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानेही पाहता येतात. तांबटकामासाठी हे गाव जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे आणि खानदेशातील जुन्या घरांतले हंडे व परातींपैकी कित्येक येथील आहेत.

मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्यातील बोरविहीर–नरडाणा हा टप्पा धुळ्यास सुरत–भुसावळ मार्गाशी जोडणार असून तो पूर्ण झाल्यावर नरडाणा हे जंक्शन होईल.